डॉक्टरांनी न सांगितलेली एकादशी

कासमभाई टांगेवाले वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी इंग्रजी चौथीच्या मुलांना इतिहास शिकवत होतो. टांगेवाला थेट वर्गापर्यंत आलेला पाहून मुले हसू लागली. कासमभाईंच्या हातात चाबूक तसाच होता. "मास्तर, जरा बाहेर या," एवढेच ते म्हणाले. मी व्हरांड्यात आलो. "डॉक्टरसाहेब गेले. आज सकाळीच. टांगा फाटकाशी उभा आहे, चला." मी विचारले, "कोण डॉक्टर?" नाशकात डॉक्टर पुष्कळ आहेत, पण कासमभाईंच्या आणि माझ्या बोलण्यात डॉक्टर म्हणजे एकच, हे मला ठाऊक होते. तरी मी विचारले... उत्तर दुसरे यावे म्हणून. कासमभाई फाटकाकडे चालू लागले आणि मी त्यांच्या मागे गेलो.

दातांचे डॉक्टर निफाडकर जाऊन आता दीड महिना होत आला. तीन दिवसांचा ताप आला, आणि चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. मी आदल्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन आलो होतो. नेहमीप्रमाणे चहा झाला, शाळेतल्या गोष्टी झाल्या. निघताना त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावून, "डावीकडची दाढ पुन्हा ठणकते का?" असे विचारले आणि मी "नाही" म्हणालो. ही आमची शेवटची भेट. नाशकात त्यांच्या हाताखालून गेलेली माणसे हजारांनी असतील. त्यांच्याविषयी लिहायला माझ्याहून अधिकारी माणसेही आहेत. परंतु एक गोष्ट अशी आहे की ती मीच लिहायला हवी, आणि ती सात वर्षांपूर्वीच लिहायला हवी होती.

मी येवल्याचा, जातीने साळी. आमच्या घरात पैठणीचे माग. वडील मागावर, आई रेशीम उकलायला, आणि आमच्या सबंध गल्लीत मॅट्रिक झालेला मी पहिला. पुढे कॉलेजसाठी नाशकास आलो आणि भद्रकालीत एक खोली घेऊन राहिलो. बी. ए. च्या परीक्षेला आठ दिवस उरले असताना माझी अक्कलदाढ उठली. गाल सुजला, पुस्तकातली अक्षरे दिसेनात. खोलीशेजारच्या एकाने लवंगेचे तेल दिले, दुसऱ्याने अफूची बारीक गोळी दाढेत धरायला सांगितली. त्या गोळीने मी दिवसभर झोपलो, आणि उठलो तो दाढ तशीच ठणकत होती. शेवटी कुणीतरी मला मेनरोडवरच्या डॉक्टर निफाडकरांकडे नेले. कलकत्त्याला जाऊन दातांचे शास्त्र शिकून आलेला माणूस आपल्या गावात आहे, हे मला तोवर माहीतही नव्हते. आमच्याकडे दात दुखला की बाजारच्या दिवशी येणारा वैदू, नाहीतर गावचा न्हावी. दोघांचीही औजारे फडक्यात गुंडाळलेली असत.

डॉक्टरांच्या खुर्चीत मी जीव मुठीत धरून बसलो. त्यांनी औजाराला हातच लावला नाही. स्टूल ओढून ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "तुम्ही बी. ए. ला बसताय ना? मग तुम्हाला सगळं सांगूनच करतो. न दुखवता दात काढायच्या माझ्याजवळ तीन वाटा आहेत. भीती फार असेल तर आदल्या रात्री ब्रोमाइडचं औषध देतो, त्यानं मन निवतं. दुखणं एका जागचं असेल तर हिरडीत सुई देतो, तेवढीच जागा बधिर होते, तुम्ही जागे राहता. आणि दोन्ही चालणार नसेल तर क्लोरोफॉर्म. तुमचं काम सुईवर होईल. सुई टोचेल तेव्हा मी आधी सांगेन. न सांगता मी तुमच्या तोंडात काही करणार नाही." आणि खरोखरच त्यांनी एकेक गोष्ट आधी सांगितली, मग केली. आता टोचेल, आता जड वाटेल, आता नुसता आवाज येईल, दुखणार नाही... दाढ निघाली तेव्हा मला वाटले, अजून सुरुवातच व्हायची आहे. भीती ही न कळण्याची असते, हे मला त्या खुर्चीत समजले. वर्गात नवा धडा शिकवताना आजही मी पुढे काय येणार ते मुलांना आधी सांगतो.

माझ्या खोलीत उजेड नव्हता हे बोलता बोलता त्यांना कळले. "दवाखाना सहाला बंद होतो. पुढच्या खोलीत कंदील आहे, खुर्च्या आहेत. बसत जा," ते म्हणाले. ते आठ दिवस मी तिथे बसून अभ्यास केला. परीक्षा झाली, पास झालो, डॉक्टरांच्याच ओळखीने शाळेत नोकरी लागली. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जाण्याचा जो परिपाठ पडला तो त्यांच्या शेवटच्या रविवारपर्यंत चालला. साळ्याच्या मुलाला त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडून आपल्या शेजारी जेवायला बसवले, त्याबद्दल आळीत चार बायका बोलल्या. डॉक्टरांच्या पत्नींनी, म्हणजे माईंनी, दुसऱ्या आठवड्यात पाट उंबऱ्याच्या आत मांडला.

माईंविषयी इथेच सांगितले पाहिजे. क्लोरोफॉर्म द्यायला पूर्वी शेजारचे एक डॉक्टर येत. ते बदलून गेले, आणि दुसरे कुणी वेळेवर येईना. तेव्हा डॉक्टरांनी माईंना शिकवले. माईंचे शिक्षण मराठी पाचवीपर्यंतचे, पण सहा महिने त्या नुसत्या शेजारी उभ्या राहून पाहत होत्या, त्यानंतर त्यांनी बाटली हातात घेतली. तारेच्या मुखवट्यावर मलमल ताणलेली असे. तो पेशंटच्या नाकातोंडावर धरायचा आणि वरून एकेक थेंब टाकायचा. थेंब घाईने पडले तर श्वास अडतो, हळू पडले तर माणूस मध्येच जागा होतो. किती गुंगी चढली हे कळण्यासाठी माई पेशंटला काहीतरी म्हणायला लावीत. दुकानदार असेल तर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, शेतकरी असेल तर शेतांची नावे, बायकांना माहेरच्या माणसांची नावे. जीभ जिथे अडखळेल तिथे माईंचा हात हलका होई. डॉक्टर म्हणत, "घड्याळ भिंतीवर आहे, पण मी यांच्या थेंबांवर काम करतो." एकदा कासमभाई दाढ काढायला आले होते. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "साहेब, दात खुशाल काढा, पण दाढीला धक्का नको." डॉक्टर म्हणाले, "दाढी तुम्ही धरून ठेवा, दाताचं मी बघतो." माईंनी त्यांना घोड्यांची नावे म्हणायला सांगितली. कासमभाई आजवर पाळलेल्या सहा घोड्यांची नावे घेत गुंगीत गेले, आणि जागे झाल्यावर पहिले वाक्य बोलले ते असे, "सातवा कोण होता हो?"

मला नोकरी लागली ते साल म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढचे साल. त्याच कार्तिकात माझी आई येवल्याहून आली ती गालाला फडके बांधून. खालची दाढ किडून आत पू झाला होता. चार दिवस तिने भाकरी खाल्ली नव्हती. तिची धाकटी बहीण वैदूकडून दात काढून घेतल्यावर आठ दिवसांत दातखीळ बसून वारली होती, आईच्या डोळ्यांसमोर. त्यामुळे डॉक्टरांचे नाव काढले की ती भिंतीकडे तोंड करून निजे. "मी मरंन, पन माझ्या तोंडात कुणाचा हात नाय घालू देणार," ती म्हणे. डॉक्टर स्वतः भद्रकालीतल्या माझ्या खोलीवर आले, जमिनीवर बसले आणि आईशी दाताविषयी एक अक्षर न बोलता अर्धा तास पैठणीविषयी बोलले. जाताना म्हणाले, "आजी, उद्या या. तुम्ही झोपायचं, आणि उठायचं. मधलं तुम्हाला काही कळणार नाही." आई म्हणाली, "उठंन ना पन?" डॉक्टर म्हणाले, "उठाल." बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितले की पू झालेल्या जागी सुई चालत नाही, क्लोरोफॉर्मच द्यावा लागेल. "सकाळी त्यांना काही खाऊ देऊ नका. पोट रिकामं हवं."

दुसरा दिवस एकादशीचा होता. शाळेला सुट्टी. आईने पहाटे उठून साबुदाण्याची खीर केली. तिला चावता येत नव्हते, खीर गिळता येत होती. चार दिवसांनी तिच्या पोटात काही जाते आहे हे पाहून मला इतके बरे वाटले की दुसरी वाटी मी माझ्या हाताने भरून तिला दिली. "घे, आणखी थोडी घे," मी म्हणालो... डॉक्टरांचे शब्द मला आठवत नव्हते असे नाही. आठवत होते, आणि मनाशी मी म्हणतही होतो की बरे झाले, नेमकी एकादशी आली, आज खाण्याचा प्रश्नच नाही. आमच्या घरात एकादशीला कुणी खात नसे. साबुदाणा, रताळे, दूध, शेंगदाणे हे सारे पोटात जाई, पण ते खाणे नव्हे. लहानपणापासून असेच ऐकलेले, असेच बोललेले. तर्कशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झालो होतो, पण त्या सकाळी तो विषय माझ्या कामी आला नाही.

नऊ वाजता आई खुर्चीत बसली. माई तिच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी मला विचारले, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" मी म्हणालो, "नाही, आज एकादशी आहे. तिचा उपास असतो." "छान," डॉक्टर म्हणाले. आई काही बोलली नाही, कारण मी सांगितले ते तिच्या दृष्टीने खरेच होते. माईंनी विचारले, "आजी, रेशमाचे रंग सांगता मला?" आई मुखवट्याखालून सांगू लागली, "कुसुंबी... मोतिया... अबोली... चिंतामणी..." आवाज जड होत गेला. "पोपटी" म्हणताना तिची जीभ अडखळली, आणि माईंचा हात थांबला. डॉक्टरांनी दाढेला चिमटा लावला तोच आईच्या छातीतून एक उबळ आली आणि सगळी खीर वर आली. झोपलेल्या माणसाला ती बाहेर टाकता येत नाही. ती घशात गेली. आईचा चेहरा निळा पडला. तोपर्यंत मी निळा चेहरा पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी एका क्षणात तिला कुशीवर वळवले, डोके खुर्चीखाली लोंबते केले, बोटाला फडके गुंडाळून घसा मोकळा केला. माईंनी चिमट्याने जीभ ओढून धरली. मग ते तिच्या बरगड्या दाबू लागले, दाबायच्या, सोडायच्या, दाबायच्या, सोडायच्या... किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी आईने श्वास घेतला, तो फाटलेल्या कापडासारखा आवाज करत आला. जमिनीवर साबुदाण्याचे दाणे पडले होते. डॉक्टरांनी ते पाहिले, माईंनी पाहिले, मी पाहिले. माईंनी ओले फडके आणून दाणे पुसून टाकले.

आईला बारा दिवस ताप होता. अन्न छातीत गेल्यामुळे फुप्फुसाला सूज आली होती. ते बारा दिवस डॉक्टर सकाळ-संध्याकाळ माझ्या खोलीवर येत होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठले आणि सगळे सांगितले, दुसरी वाटी मी भरून दिली हेही सांगितले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझी आईसुद्धा एकादशीला शिंगाड्याचं थालीपीठ खायची," ते म्हणाले. "मी तुम्हाला 'खाल्लं का' म्हणून विचारलं. 'तोंडात काय काय गेलं' असं विचारायला हवं होतं. विचारण्याचं काम माझं." तेव्हापासून ते प्रत्येक पेशंटला तसेच विचारू लागले. पाणी? चहा? दूध? तीर्थ? पान?... कोर्टात साक्ष चालल्यासारखे लोकांना वाटे.

परंतु गावात बातमी वेगळीच पसरली. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत त्या दिवशी दोघे पेशंट बसलेले होते. दार उघडले तेव्हा त्यांनी निळी पडलेली बाई पाहिली, एवढेच. आठवड्याभरात मेनरोडवर जो तो म्हणू लागला, "बायकोच्या हातात बाटली दिल्यावर दुसरं काय होणार?" आणखी कुणी म्हणाले, "पोळ्या लाटणाऱ्या हाताला थेंबांचा काय अंदाज?" येणारे पेशंट कमी झाले. काहीजण दातासाठी मुंबईचे तिकीट काढू लागले. कासमभाईंनी माझ्या देखत एका गिऱ्हाइकाला टांग्यातून उतरवले, कारण त्याने माईंचे नाव घेतले होते. मी डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, "मी वर्तमानपत्रात लिहितो. चूक माझी होती म्हणून लिहितो." त्यांनी मला मना केले. ते म्हणाले, "पेशंट आपल्यासमोर तोंड उघडतो तो विश्वासानं. आत काय दिसलं ते आपण बाहेर सांगायचं नाही. आणि दुसरं असं की खाऊन आलेल्या बाईमुळे हे झालं असं गावाला कळलं, तर उद्या खाऊन आलेला माणूस मला खरं सांगणार नाही. घाबरून 'नाही' म्हणेल, आणि तो माझ्या हातात मरेल." मग म्हणाले, "आईंनाही सांगू नका. आत्ता कुठे त्या उठून बसतायत."

हे सगळे बरोबर होते. आजही मला ते बरोबर वाटते. लोकांनी विचारले तर डॉक्टर सांगत, "त्या दिवशी थेंब मी टाकत होतो. बायको नुसती शेजारी उभी होती." माईंवरचा आळ काढण्यासाठी ते स्वतःवर घेत होते. लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही, कारण दात काढणारा माणूस त्याच वेळी थेंब कसे टाकील हे पोरांनाही कळत होते. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देणे सोडले. मोठे काम असेल तर ते पेशंटला मुंबईला पाठवीत. आणि माईंनी दवाखान्यात येणे सोडले. त्या पुन्हा कधीच तिथे दिसल्या नाहीत.

आईची दाढ राहिलीच होती. पू निचरून गेल्यावर, महिन्याभराने, ती डॉक्टरांनी सुई देऊन काढली. आईला खुर्चीत बसवण्याआधी ते स्वतः खुर्चीत बसले, तोंड उघडले आणि तिच्या हातात आरसा देऊन म्हणाले, "आजी, आधी तुम्ही माझे दात तपासा." आईने खरोखर आत डोकावून पाहिले. "तुमची बी एक किडलीय," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "ठाऊक आहे. पण माझी काढायला कुणी मिळत नाही, मलाही भीती वाटते." आई हसली. आदल्या रात्री ब्रोमाइड दिलेले, हिरडी बधिर झालेली, आणि डॉक्टरांचे ते एकेक सांगून करणे... दाढ निघाल्यावर आईने ती हातात घेऊन पाहिली आणि मग इकडेतिकडे बघत विचारले, "त्या रंग इचारणाऱ्या बाई कुठं हायेत?" डॉक्टर म्हणाले, "घरी आहेत." आईने मानेने बरे म्हटले. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

त्यानंतर सात वर्षे मी दर रविवारी त्या घरी गेलो. माई चहा देत, आईची खुशाली विचारीत. मी डॉक्टरांचा शब्द पाळतो आहे असे मला वाटे. आता वाटते, तो शब्द पाळणे मला फार सोयीचे होते. मी नवा मास्तर होतो, साळ्याच्या घरातून आलेला, लोक 'सर' म्हणत होते. स्वतःच्या आईला खीर भरवून थेट दवाखान्यात नेणारा बी. ए. झालेला मुलगा म्हणून ओळखले जाण्याची मला लाज वाटत होती. डॉक्टरांनी मना केले नसते तर मी लिहिले असते का, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

डॉक्टर गेल्याचे कळल्यावर आई मोटारीने येवल्याहून आली. तिला आता जिना चढवत नाही, तरी भेटायला जायचे म्हणून हटून बसली. त्या संध्याकाळी मी तिला सगळे सांगितले. डॉक्टर आता नव्हते, आणि ते गावभर कसल्या दोषाचे धनी होऊन गेले हे निदान आईला तरी ठाऊक असावे असे मला वाटले. तिने सगळे ऐकून घेतले. रडली नाही. मग म्हणाली, "सात वर्सं तू मला येड्यात काढलंस." आणि लुगड्याचा पदर नीट करून उठली. "चल."

डॉक्टरांच्या घरी त्या दिवशी पुढच्या खोलीत वीसेक माणसे असतील, आळीतली, बाजारातली, दोन-तीन वकील, शाळेचे हेडमास्तर. बायका आतल्या खोलीत माईंपाशी बसल्या होत्या. आई आत गेली नाही. ती दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहिली, चौकटीला धरून, आणि पुरुषमाणसांकडे तोंड करून बोलू लागली. ती आयुष्यात कधी अशी बोलली नव्हती. "मी येवल्याची साळीण. सात वर्साखाली डाक्टरच्या दवाखान्यात माजा जीव जात हुता, ती बाई मीच. त्या दिशी मी साबुदान्याची खीर खाऊन आले हुते. दोन वाट्या. मला कुनी सांगितलं नव्हतं की त्यानं असं हुतं, आन् माझ्या लेकानं डाक्टरला नाय म्हनून सांगितलं. डाक्टरची काय चूक नव्हती. बाईंची बी नव्हती. कुनी काय बोललं असंल तर आता सोडून द्या." हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली घेतली. आई तशीच आत गेली आणि माईंच्या शेजारी जमिनीवर बसली.

मी दारात उभा होतो. मला काहीतरी म्हणायला हवे होते, म्हणून मी म्हणालो, "माई, मी तेव्हाच लिहिणार होतो. डॉक्टरांनी मना केलं." माईंनी वर पाहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्यांनी मना केलं, हे खरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐकलंत, हेही खरं. मला कुणी विचारलं?" मग म्हणाल्या, "दर रविवारी चहा ठेवताना मला वाटायचं, आज तुम्ही म्हणाल... म्हणाल, की माई, तुमचा हात बरोबर होता. बाहेर नाही, निदान इथं तरी." डॉक्टर सात्त्विक होते, सज्जन होते, त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. त्यांनी पेशंटचा मान राखला, माझी नोकरी राखली, माझ्या आईचे मन राखले. आणि आम्ही दोघांनी मिळून जे ठरवले त्याची झळ तिसऱ्याच माणसाला लागली. ते माणूस शेजारच्या खोलीत चहा करत होते. डॉक्टरांना हे कधी उमगले असेल का? मला वाटते, उमगले असावे. शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत माई चहाचा पेला पुढे करीत, तेव्हा ते तो लगेच घेत नसत. क्षणभर त्यांच्या हाताकडे पाहत राहत. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तो घेऊन माईंकडे गेलो. या वेळी आधी विचारायचे असे ठरवले होते. माईंनी मला दवाखान्यातच बसवले. दवाखाना आता विकायचा आहे, कलकत्त्याहून आणलेली ती मोठी खुर्ची न्यायला मुंबईचा एक तरुण डॉक्टर येणार आहे. खुर्चीच्या डोक्याशी, डाव्या बाजूला, फरशीचा रंग थोडा उतरला आहे. माई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मी सबंध लेख वाचून दाखवला. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही. वाचून झाल्यावर मी विचारले, "देऊ का छापायला? नाव घालू का तुमचं?"

माईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता. "द्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्याविषयी लिहिलंत ते सगळं खरं आहे. फक्त ते लोकांना सांगत असत की थेंब त्यांनी टाकले, ते तेवढं खोटं होतं. थेंब मी टाकले. मोजून टाकले. 'पोपटी' म्हणताना आजींची जीभ अडखळली, तिथं मी थांबले. त्यापुढे एकही टाकला नाही. एवढं नीट लिहा."

मी तिथेच बसून ते लिहून घेतले आणि त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवले.